चरणाऱ्या जनावराची निवड

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला, 'ब्लॅकब्रश' नावाचं काटेरी झुडूप मैलोन्मैल पसरलेलं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक प्रयोग चालू होता. हिवाळ्यात या झुडपांवर शेळ्या सोडायच्या. त्यांनी शेंडे खुडले की वसंतात नवे धुमारे फुटतात. नव्या धुमाऱ्यांत जुन्या काडीपेक्षा प्रथिनं जास्त असतात, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या गुरांना बरा पाला मिळेल, असा हिशेब होता. प्रयोग करणारा तरुण संशोधक होता फ्रेड प्रोव्हेन्झा. झुडपांनी हिशेबाप्रमाणे धुमारे फोडले. शेळ्यांनी मात्र ते टाळले आणि जुन्या, वाळकट काड्या चावत बसल्या.

प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा कारण सापडलं. नव्या धुमाऱ्यांत टॅनिन खच्चून भरलेलं होतं. कोवळ्या फांदीचं रक्षण करायला झुडूप ते तयार करतं. प्रथिनांच्या तक्त्यात हे टॅनिन दिसत नव्हतं, शेळीच्या पोटाला मात्र ते कळत होतं.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट घडली. शेळ्यांचे गट वेगवेगळ्या कुंपणांत ठेवले होते. हिवाळा सरता सरता सगळ्या गटांची वजनं उतरली, पण एका गटाची बरीच कमी उतरली. त्या कुंपणातल्या शेळ्या जुनिपरच्या झाडांखाली असलेली वुडरॅट नावाच्या उंदरांची घरं खात होत्या. साली-काटक्यांचे हे ढीग उंदरांच्या मुताने वर्षानुवर्षं भिजलेले असतात. त्या मुतातलं नत्र शेळीच्या कोठीपोटातल्या जिवाणूंना मिळालं आणि त्यांनी त्यातून प्रथिनं बनवली. आपल्याकडे गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करतात त्यामागचं शास्त्र हेच आहे. फरक एवढाच, की त्या शेळ्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. एकीने तोंड लावलं असेल, इतरांनी पाहिलं असेल. बाकीच्या कुंपणांतही तशीच घरं होती, पण तिथल्या शेळ्यांना हा शोध लागला नाही.

प्रोव्हेन्झा पुढे युटा स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द एका प्रश्नाला दिली: चरणारं जनावर काय खायचं ते कसं ठरवतं? त्यांच्याबरोबर बेथ बरिट, हुआन व्हियाल्बा आणि कितीतरी विद्यार्थी होते. मला हे काम पशुविज्ञानातल्या अलीकडच्या अनेक शोधांपेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्याने पशुआहाराच्या अभ्यासात जनावराला पुन्हा आणून उभं केलं. त्याआधी आहारशास्त्र म्हणजे चाऱ्याचं पृथक्करण होतं: प्रथिनं किती, तंतू किती, पचनीयता किती. तक्ता पूर्ण झाला की अभ्यास पूर्ण झाला असं धरलं जाई, आणि जनावर म्हणजे तो चारा ओतायचं भांडं.

त्यांचे प्रयोग साधे होते. मेंढ्यांच्या कोकरांना गव्हाचं काड खायला द्यायचं. एक दिवस एका वासाचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. एका वासाचं काड खाताना कोकराच्या कोठीपोटात नळीने थेट पिष्ट सोडायचं, दुसऱ्या वेळी काहीच नाही. तोंडाला पिष्टाची चव कळण्याचा प्रश्नच नाही. तरी काही दिवसांत ज्या वासाबरोबर पोटाला ऊर्जा मिळाली होती, तेच काड कोकरं निवडू लागली. उलट प्रयोगही झाला. खाल्ल्यानंतर मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड दिलं की तो पदार्थ जनावर पुढे टाळतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंढ्यांना खाणं झाल्यावर भूल दिली आणि त्या बेशुद्ध असताना हे औषध दिलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तो पदार्थ नाकारला. मेंढीला मळमळ 'जाणवली'ही नव्हती, तरी शरीराने नोंद केली होती. जीभ चव सांगते, पोट तिची किंमत ठरवतं, आणि पुढच्या वेळी चवच बदललेली लागते, असं त्यांचं म्हणणं आहे.

व्हियाल्बा यांच्या २००६ च्या कामाने हे आणखी पुढे नेलं. मेंढ्यांना तीन प्रकारचा त्रासदायक आहार दिला: आम्लता वाढवणारं धान्य, टॅनिनयुक्त खाद्य आणि ऑक्झॅलिक आम्लाचं खाद्य. प्रत्येकावरचा उतारा वेगळा होता. ज्या मेंढ्यांना आधी त्रास आणि उतारा यांची सांगड अनुभवायला मिळाली होती, त्यांनी पुढे तिन्ही उतारे समोर असताना त्या त्या त्रासाला योग्य तोच उचलला. ज्यांना तो अनुभव नव्हता त्यांना ते जमलं नाही. हा 'अनुभव' शब्द पुढच्या सगळ्या गोष्टीला लागू आहे. जनावराला उपजत सगळं कळतं, असा भाबडा निष्कर्ष यातून निघत नाही. बरंचसं त्याला शिकावं लागतं.

आणि पहिली शिकवण आईची. सहा आठवड्यांच्या कोकरांना आईबरोबर रोज तासभर, फक्त पाच दिवस, गहू खायला दिला. नंतर तीन वर्षं गव्हाचं दर्शन नाही. तीन वर्षांनी पुन्हा गहू समोर ठेवला तेव्हा त्यांनी आईविना गहू पाहिलेल्या मेंढ्यांच्या सुमारे दहापट गहू खाल्ला.

हे गाईंना लागू होतं का? होतं, आणि त्याचा पुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात मांसासाठी पाळलेल्या गाईंना हिवाळ्यात काय घालायचं हा खर्चाचा मोठा प्रश्न असतो. अमोनियाची प्रक्रिया केलेलं गव्हाचं काड स्वस्त पडतं, पण ते खाऊन काही गाई टिकून राहतात आणि काही खंगतात. रँडल वीडमायर, प्रोव्हेन्झा आणि बरिट यांनी त्या गाई लहानपणी काय खात होत्या ते पाहिलं. दुधावर असताना ज्या कालवडींनी आईच्या शेजारी उभं राहून हे काड खाल्लं होतं, त्या कित्येक वर्षांनी गाई झाल्यावरही त्याच काडावर वजन राखून होत्या, दूध जास्त देत होत्या आणि पुन्हा लवकर माजावर येत होत्या. काड एकच, गाईंचं रक्त एकच. फरक दोन-तीन महिन्यांच्या बालपणाचा.

इथे थांबून एक सांगायला हवं. ही सगळी गुरं मांसासाठी पाळलेली आहेत. महाराष्ट्रात गोवंशहत्येला बंदी आहे आणि अनेक वाचकांच्या मनात गाईबद्दलची भावना वेगळी आहे. त्या भावनेचा मान ठेवूनच हे लिहीत आहे. पण गाय कुणाच्याही गोठ्यातली असो, तिचं कोठीपोट तेच, जीभ तीच आणि शिकण्याची रीतही तीच. त्या देशात माळरानावरच्या गुरांवर शंभर वर्षांहून जास्त काळ सरकारी पैशाने संशोधन झालं. न्यू मेक्सिकोतलं हॉर्नाडा प्रायोगिक कुरण १९१२ पासून चालू आहे. या ज्ञानावर खिल्लारी बैलाचा आणि डांगी गाईचाही हक्क आहे.

हे ज्ञान कधी जीव वाचवण्याच्या कामी येतं. रॉकी पर्वतातल्या उंच कुरणांत 'लार्कस्पर' नावाचं निळ्या फुलांचं झाड उगवतं. ते भरपूर खाल्लेली गाय स्नायू लुळे पडून दगावते. युटातल्या लोगन इथे अमेरिकन कृषी खात्याची विषारी वनस्पतींवरची खास प्रयोगशाळा आहे. तिथले मायकल राल्फ्स यांनी गाईंना लार्कस्पर खायला देऊन लगेच लिथियम क्लोराइड दिलं. त्या गाईंनी पुढे वर्षानुवर्षं ते झाड टाळलं. पण अशी 'शिकलेली' गाय लार्कस्पर खाणाऱ्या इतर गाईंबरोबर सोडली की शेजारणीचं पाहून ती पुन्हा तोंड लावते, थोडं खाऊन काही झालं नाही की आणखी खाते, आणि शिकवण पुसली जाते. म्हणून शिकवलेला कळप वेगळा ठेवावा लागतो.

आपल्याकडे कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, तेव्हा शेतकरी जनावरं बांधून ठेवतो. तो शहाणपणाच आहे. अशा ज्वारीतलं हायड्रोसायनिक आम्ल इतक्या वेगाने मारतं की शिकायला दुसरी संधी मिळत नाही. पोटाचा धडा सावकाश गिरवला जातो; ज्या विषाचा परिणाम तासाभरात जीव घेतो तिथे तो उपयोगाचा नाही.

याच्या उलट दिशेने कॅथी व्होथ यांनी काम केलं. २००४ मध्ये माँटानातल्या ग्रँट-कोअर्स रँचवर त्यांनी गाईंना तण खायला शिकवलं. रोज थोड्या वेळासाठी अनोळखी पण चांगले पदार्थ आळीपाळीने द्यायचे, गाईंना नव्याची सवय लावायची आणि मग त्याच भांड्यात तण ठेवायचं. जेमतेम आठवडाभराच्या शिकवणीनंतर त्या गाई कुरणात जाऊन काटेरी थिसल खाऊ लागल्या. हे वाचून आपल्याकडच्या कुणाला गाजरगवताची आठवण येईल. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस पडलेलं हे तण आज देशभर आहे. ते मात्र गुरांना अपायकारक आहे आणि दुधात कडवटपणा उतरवतं. व्होथ यांची पहिली अट हीच आहे की तण विषारी नसलं पाहिजे. गाय ते टाळते, ते बरोबरच करते.

गोठ्यातल्या आहाराकडे वळलं तर मला सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास २००१ मधला, युटातलाच. मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या वासरांचे दोन गट केले. एका गटाला बार्ली, मका, लसूणघास आणि मक्याचा मुरघास दळून-कालवून एकच मिश्रण दिलं, जसं मोठ्या गोठ्यांमध्ये सर्वत्र देतात. दुसऱ्या गटापुढे तेच चार पदार्थ वेगवेगळे ठेवले. निवडीची मुभा असलेल्या वासरांपैकी कुठल्याही दोघांनी सारखा आहार घेतला नाही. एकच वासरू आज एक आणि उद्या दुसरं प्रमाण घेई. तयार मिश्रणाचं प्रमाण तर एकानेही उचललं नाही. मिश्रण खाणाऱ्यांपेक्षा निवडणाऱ्यांनी एकूण कमी खाल्लं, वजन तितकंच वाढवलं आणि वाढीव किलोमागे खर्च कमी आला. सरासरी जनावरासाठी बनवलेलं मिश्रण एकाला प्रथिनं जादा देतं आणि दुसऱ्याला ऊर्जा कमी. आपल्याकडे पेंड, सरकी आणि कुट्टी एकाच घमेल्यात कालवण्याची सवय सोयीतून आली आहे. ती सोडा असं मी म्हणणार नाही. माणसाला वेळ नसतो आणि सुटं धान्य एकदम खाऊन जनावर आम्लतेने आजारी पडू शकतं. पण दोन गाईंची भूक सारखी नसते, एवढं तरी गव्हाणीत डोकावताना लक्षात राहावं.

या विचाराला मर्यादाही आहेत आणि त्या झाकून ठेवणं बरं नव्हे. खनिजांच्या बाबतीत पुरावा कमजोर आहे. दुभत्या गाईंसमोर वेगवेगळी खनिजं ठेवून पाहिलेल्या जुन्या प्रयोगांत गाईंनी गरजेप्रमाणे ती उचलली नाहीत. मिठाची ओढ पक्की असते. बाकीच्या खनिजांसाठी चाटण विटा आणि खनिज मिश्रण माणसानेच पुरवावं, असंच बहुतेक पशुवैद्य सांगतात. दुसरीकडे व्हियाल्बा यांनी स्फुरदाची कमतरता असलेल्या मेंढ्यांना तो पुरवणाऱ्या खाद्याची आवड लागते असंही दाखवलं आहे. वाद मिटलेला नाही, आणि तो प्रयोगांनीच मिटावा.

गोठ्यातून बाहेर माळावर आलं की प्रश्न वेगळा होतो. गाय तिथे रोज आठ-नऊ तास चरते, त्याच्या आसपास वेळ रवंथ करते, आणि दिवसाला तीस-चाळीस हजार घास घेते. या प्रत्येक घासात एक निवड असते. ती मोजायची कशी? पूर्वी गाईच्या अन्ननलिकेला छिद्र करून गळ्यात पिशवी बांधत आणि गिळलेलं गवत त्यात गोळा करत. अनेक विद्यार्थ्यांनी गाईच्या मागे चालत दिवसदिवस घास मोजले. टेक्सासच्या जेरी स्टुथ यांनी १९९० च्या दशकात शेणावर अवरक्त किरण टाकून आहारातली प्रथिनं अंदाजण्याची पद्धत बसवली. आता शेणातल्या डीएनएवरून गाईने कुठल्या कुठल्या वनस्पती खाल्ल्या ते कळतं, आणि गळ्यातला जीपीएस पट्टा ती कुठे गेली ते सांगतो.

या पट्ट्यांनी दाखवलं की गाय गवत पाहून जेवढी फिरते, त्याहून जास्त पाणी आणि उतार पाहून फिरते. न्यू मेक्सिकोचे जेरी होलेचेक यांनी १९८८ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात. पाण्यापासून साधारण दीड किलोमीटरपर्यंतचं कुरण पूर्ण धरा, तीन किलोमीटरपर्यंतचं निम्मं, त्यापुढचं गाईच्या दृष्टीने नाहीच. साठ टक्क्यांहून जास्त उताराचंही तेच. त्यामुळे माळ कागदावर हजार हेक्टरचा असला तरी गाय त्यातला एक तुकडा कुरतडून टाकते आणि बाकीचं गवत उभं वाळतं. डेरेक बेली यांनी माँटानात पाहिलं की एकाच कळपात काही गाई डोंगर चढणाऱ्या असतात आणि काही ओढ्याकाठी ठाण मांडणाऱ्या. दर वर्षी त्या तशाच वागतात. उंचावर काकवीच्या विटा ठेवल्या की खालच्या गाईही वर जातात. आणि सुकलेल्या गवतात प्रथिनांचं प्रमाण सात टक्क्यांखाली गेलं की कोठीपोटातल्या जिवाणूंना पुरेसं नत्र मिळत नाही, पचन मंदावतं आणि गाय खाणंच कमी करते. तेव्हा थोडी पेंड दिली की ती तेच वाळकं गवत जास्त खाते. आपल्या शेतकऱ्याने सरकीची मूठ कडब्याबरोबर देण्यामागे हेच गणित आहे, कुणी मोजलेलं असो वा नसो.

हॉर्नाडाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कॉपर कॅनियनमधून रारामुरी क्रिओयो नावाची लहानखुरी गुरं आणली. पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या गुरांची ही वंशज. कोरड्या ऋतूत अँगस-हेरफर्ड गाई पाण्याच्या आसपास घुटमळल्या, या लांबवर पांगल्या आणि माळाचा जास्त भाग वापरू लागल्या. जड, जलद वाढणारं जनावर वाळवंटात परवडत नाही, हे अमेरिकेला पुन्हा शिकावं लागलं.

याच अमेरिकेने आपल्याकडून एक जात नेली होती, हे मराठी वाचकाला आवडेल. तिथला 'ब्राह्मन' बैल ज्या भारतीय जातींच्या संकरातून घडला, त्यांत गीर, गुजरात (म्हणजे काँक्रेज) आणि नेल्लोर यांच्यासोबत कृष्णा व्हॅलीचंही नाव आहे. दक्षिण महाराष्ट्रापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कृष्णाकाठची, काळ्या जमिनीत नांगर ओढणारी ही जात. उष्णता आणि गोचीड सोसणारं रक्त म्हणून तिची किंमत परदेशात ओळखली गेली. घरी ती आता मोजकीच उरली आहे.

चराईवरच्या संशोधनातला अलीकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग कोलोरॅडोत नन गावाजवळ चालू आहे. बऱ्याच वर्षांपासून एक मत जोरात होतं: माळाचे तुकडे पाडा, मोठा कळप दाट करून एका तुकड्यातून दुसऱ्यात हलवत ठेवा, म्हणजे जंगली बायसनच्या कळपासारखा परिणाम होऊन गवतही सुधारेल आणि गुरंही पोसतील. झिंबाब्वेच्या ॲलन सेव्हरी यांनी हा विचार जगभर नेला. २००८ मध्ये डेव्हिड ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन सांगितलं की फिरत्या चराईचा असा फायदा आकडेवारीत दिसत नाही. पशुपालक म्हणाले, तुमच्या प्रयोगांत माणसाचा निर्णय कुठे होता? म्हणून नन इथे अकरा जणांची समिती नेमली: पशुपालक, निसर्गसंवर्धक आणि सरकारी जमिनींचे अधिकारी. २०१४ पासून दहा कुरणांत, प्रत्येकी सुमारे १३० हेक्टरच्या, त्यांनी एकच मोठा कळप स्वतःच्या निर्णयाने फिरवला. शेजारच्या तशाच दहा कुरणांत तितकीच गुरं छोट्या कळपांत विभागून पूर्ण हंगाम मोकळी सोडली. शास्त्रज्ञांनी निर्णयात हात घातला नाही. या मोकळेपणाचं मला फार कौतुक वाटतं.

फिरत्या कळपाच्या गोऱ्ह्यांचं वजन १२ ते १६ टक्के कमी वाढलं. गवताची अपेक्षित सुधारणाही पहिल्या वर्षांत दिसली नाही. पट्टे आणि शेण तपासल्यावर कारण पुढे आलं. मोठ्या दाट कळपात गोऱ्हे सरळ रेषेत, पुढे पुढे चरत जातात. वळून चांगला तुकडा शोधायला त्यांना जागाच मिळत नाही. मोकळे गोऱ्हे वळतात, थांबतात, निवडतात, आणि त्यांच्या आहारात प्रथिनं जास्त येतात. नव्या धुमाऱ्यांना तोंड न लावणाऱ्या युटातल्या शेळ्या आणि कोलोरॅडोतले हे गोऱ्हे एकच गोष्ट सांगत होते. निवड काढून घेतली की चांगल्या कुरणातही पोषण घटतं.

याचा अर्थ गुरं वर्षभर कुठेही मोकाट सोडावीत असा नाही. तिथल्या कुरणांतही गुरांची संख्या पावसावर ठरते आणि संख्या चुकली तर कुठलीच पद्धत वाचवत नाही. आपल्या गायरानांचं तर नेमकं तेच झालं: गुरं तितकीच राहिली आणि जमीन आकसली. उरलेला माळ सरकारी कागदावर 'पडीक' ठरतो, मग त्यावर झाडं लावली जातात किंवा प्रकल्प येतात. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताळ आच्छादनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात दख्खनच्या या माळांना त्यांचं स्वतंत्र नाव आणि दर्जा दिला आहे: शेडा आणि मारवेल या गवतांवरून. मारवेल गाय आवडीने खाते. कुसळी फुलोऱ्याआधी खाते आणि कुसळं धरली की टाळते. हे कुठल्याही गुराख्याला विचारा.

हीच माहिती आता शास्त्राच्या भाषेत गोळा करता येईल. अकोले-इगतपुरीच्या डोंगरउतारावर चढणाऱ्या डांगी गाईंच्या गळ्यात पट्टे बांधावेत. त्यांतल्या कुठल्या वर जातात, कुठल्या ओढ्याकाठी थांबतात, त्यांच्या मुली त्यांच्यासारख्याच वागतात का, ते पाहावं. सोलापूर-सांगलीच्या माळावर खिल्लारी जनावराच्या शेणातल्या डीएनएवरून ते आषाढात काय खातं आणि माघात काय खातं याची यादी करावी. दावणीला बांधून वाढवलेली कालवड पुढे माळावर सोडली तर ती आईबरोबर चरलेल्या कालवडीइतकी पोसते का, हा प्रयोग तर एखाद्या कृषी महाविद्यालयाला दोन हंगामांत करता येईल. त्याला लागणारी साधनं म्हणजे दहा-वीस कालवडी, वजनकाटा, गुरांच्या मागे चालायला तयार असलेले विद्यार्थी, आणि त्यांना गवतांची नावं सांगणारा एक गुराखी.